मदत हवी आहे : नाशिकजवळ तासभर शांत बसता येईल अशी जागा

नमस्कार मंडळी. दोन दिवसांसाठी पाहुणे येत आहेत, सोबत सत्तरीच्या आजी आहेत. त्यांना देवदर्शनापेक्षा तासभर गप्प बसायचं आहे. रामकुंड आणि त्र्यंबकेश्वर सुट्टीच्या दिवशी जमणार नाही. रांगेतच जीव दमतो, मग मन कुठलं लागणार?

डोळ्यांपुढे दोन जागा आहेत. पहिली पांडवलेणी. त्रिरश्मी डोंगरावरच्या २४ लेण्यांपैकी १८ वं लेणं म्हणजे चैत्यगृह (बौद्ध प्रार्थनागृह): दोन्ही बाजूंना खांब, टोकाला स्तूप, वर कमानदार छत. आत हळू बोललं तरी आवाज घुमतो, त्यामुळे एक सहल आत शिरली की शांतता संपली. शिवाय पायऱ्यांची चढण आहे, उन्हात दगड तापतो. म्हणून सकाळीच, सुती टोपी, पाणी आणि बसायला जाड घडीचं आसन घेऊन जायचं. आतल्या गार दगडावर गुडघे लगेच आखडतात.

दुसरी सिन्नरचं गोंदेश्वर. चढण नाही, मधलं शिवमंदिर आणि भोवती चार लहान देवळं, म्हणजे पंचायतन. मला आजींसाठी हेच बरं वाटतं. सोमवार आणि श्रावण मात्र टाळायचा.

विचारायचं असं:

पांडवलेणीत आठवड्यातल्या कोणत्या वारी सहली कमी असतात? अर्ध्या वाटेवर टेकायला सावली आहे का? गोंदेश्वरच्या आवारात दुपारी चारनंतर सावली कोणत्या बाजूला पडते? आणि स्वच्छतागृह जवळ आहे का?

अलीकडे जाऊन आलेल्यांनीच सांगा, कृपया.