बहावा की अरौकेरिया?

नागपुरात बंगल्यापुढे बहावा लावावा की 'ख्रिसमस ट्री', या प्रश्नावर बहुतेक जण फक्त दिसण्याचा विचार करतात. नर्सरीत त्या नावाने मिळते ती बहुधा अरौकेरिया, आणि तिची एक प्रसिद्ध जात मूळची पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटावरची. चहूबाजूंनी समुद्र, हवा दमट, उन्हाळाही सौम्य. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. कोवळी रोपं करपतात, त्यात नवल काय! जगलंच, तर शेंडा जपा. तो मोडला तर आडवी फांदी उभी होऊन त्याची जागा घेत नाही, झाडाचा डौल कायमचा जातो. १७७४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकला हे सरळसोट खोड जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी उत्तम वाटलं होतं. पुढे ते लाकूड त्या कामाला कच्चं निघालं.

अरौकेरिया सूचिपर्णी (पाइनसारखी शंकू धरणारी) असल्याने तिला फूल नाही. पराग वाऱ्यावर, बी शंकूच्या खवल्यांवर. बहावा मात्र ऐन उन्हात पिवळा होतो आणि भुंगे गोळा करतो. पानगळ होते, झाडायचा कंटाळा असेल तर विचार करा. आणि भर उन्हाळ्यात दाट सावली हवी असेल, तर दोन्ही सोडून कडुनिंब लावा.