फडकं त्रिकोणी होतंय त्याबद्दल

ताई, स्वयंपाकघरासाठी क्रोशाने विणलेलं तुमचं पहिलं फडकं वर जाता जाता त्रिकोणी झालं म्हणता, म्हणजे ओळीच्या शेवटचा टाका सुटतोय. मुके खांब (क्रोशाचे आखूड, घट्ट टाके) 30 असतील तर ओळ संपली की 30 मोजायचेच. परतताना एक साखळी (सुईवरच्या फासातून नुसता दोरा ओढून) घालून पहिला मुका खांब अगदी पहिल्याच टाक्यात घ्या. मी सुरुवातीला दोन्ही टोकांच्या टाक्यांत लाल दोऱ्याचा तुकडा अडकवायचे, मग चूक होत नसे.

वरच्या एका उत्तरात कुणी उरलेली लोकर वापरायला सांगितलंय, ते कृपया नको. ती लोकर बहुधा अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे कृत्रिम धाग्याची असते. अ‍ॅक्रिलिक पाणी टिपत नाही आणि तापलेल्या कढईला लागलं की वितळतं. जाडसर सुती दोरा आणि 4 किंवा 4.5 मिमीची सुई घ्या. सूत लोकरीसारखं ताणलं जात नाही, म्हणून हात सैल ठेवा, नाहीतर मनगट भरून येतं.

आपल्या गोव्यात अजून एक पाहावं लागतं. पावसाळ्यात घट्ट विणीचं फडकं दोन दोन दिवस ओलं राहतं आणि कुबट वास मारतं. म्हापशात आमच्या ओट्यावर आता उघड्या विणीचीच असतात, साध्या खांबांची, म्हणजे मुक्या खांबापेक्षा उंच टाक्यांची.

क्रोशाऐवजी दोन सुयांवर विणायचं तर कोपऱ्यातून सुरू करा. 4 टाके घाला. मग प्रत्येक ओळीत 2 टाके सुलट (साधे सरळ) विणा, सुईवर दोरा घ्या म्हणजे एक टाका वाढतो, पुढे सगळे सुलट. साधारण 45 टाके झाले की कमी करत या: प्रत्येक ओळीत 1 सुलट, दोन टाके एकत्र विणा, सुईवर दोरा, पुन्हा दोन एकत्र, बाकी सुलट. कडेला आपसूक जाळी पडते, फार सुंदर दिसते.