डान्सच्या खर्चासाठी सेमिनारची तिकिटं: पटतंय का?

वर्गप्रतिनिधीची आई
शेवटच्या वर्षाच्या मुलांना निरोपाआधी एक डान्सची संध्याकाळ हवी आहे. शाळा सभागृह देतेय, पण साउंड, लाइट, सजावट आणि त्या रात्रीचा बंदोबस्त यांचा खर्च मुलांनी उभा करायचा, असं मुख्याध्यापकांनी सांगितलंय. दुकानदारांच्या जाहिराती घ्यायच्या नाहीत, हे मुलांनीच ठरवलं. त्यांच्या डोक्यात आहे ते असं: पालक आणि खालच्या वर्गांसाठी तीन-चार सेमिनार घ्यायचे (अभ्यास कसा करावा, पुढचे कोर्स, ऑनलाइन फसवणूक वगैरे) आणि त्यांना तिकीट लावायचं. पालकसभेत यावरून सरळ दोन तट पडले. मला कल्पना आवडली. वस्तू गळ्यात मारण्यापेक्षा लोकांना काहीतरी ऐकायला मिळेल, मुलंही वक्ते ठरवणं, वेळ पाळणं, हिशेब ठेवणं शिकतील. तुम्हाला काय वाटतं?

रोखठोक
साफ विरोध. शिकवणं हे शाळेचं काम आणि त्याची फी घेऊन झालेली आहे. आता त्याच सभागृहात त्याच मुलांना "अभ्यास कसा करावा" हे सांगायला वेगळे पैसे? आणि ते जाणार कुठे, तर नाचायला! नाचाला माझी ना नाही. पण मग नाचाचंच तिकीट लावा की. ज्याला नाचायचंय तो देईल.

खडूधूळ
रोखठोक, मी शिक्षिका आहे. नाचाचं तिकीट लावलं की काय होतं ते मी वर्गात पाहिलंय. ज्याच्या घरी पैसे नाहीत तो "मला असलं आवडतच नाही" म्हणतो आणि त्या दिवशी गैरहजर राहतो. कुणी खोदून विचारत नाही, कारण सबब त्यानेच देऊन ठेवलेली असते. सेमिनारचं तिकीट मोठी माणसं काढतील, त्यातही ज्यांना परवडतं ती काढतील, आणि डान्सला सगळा वर्ग येऊ शकेल. या योजनेतली मला पटलेली गोष्ट हीच, आणि ताईंनी नेमकी तीच लिहिली नाही.

निवृत्त मास्तर
व्याख्यानाला पैसे घेणं म्हणजे काही पाप नव्हे. पुढे मोठा शास्त्रज्ञ झालेला मायकेल फॅरेडे बुकबाइंडरकडे उमेदवारी करायचा तेव्हा जॉन टेटम यांच्या विज्ञानाच्या व्याख्यानांना जायचा. एका व्याख्यानाचा १ शिलिंग. पुढे १८१२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींची व्याख्यानंही त्याने तिकिटावरच ऐकली. टिपणं काढली, स्वतः बांधणी करून डेव्हींना पाठवली, आणि १८१३ मध्ये तिथेच मदतनीस म्हणून लागला. पैसे मोजून आलेला माणूस कान देऊन ऐकतो, हा माझाही अनुभव.

रोखठोक
मास्तर, अर्धीच गोष्ट सांगितलीत. टेटमचे शिलिंग फॅरेडेच्या थोरल्या भावाने दिले होते. आणि डेव्हींची तिकिटं दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला नुसती दिली. म्हणजे तिकीट आडवं येत होतं, कुणीतरी हात दिला म्हणून तो पोरगा आत गेला. तुमच्या शाळेत हा हात कोण देणार?

खडूधूळ
वर्गशिक्षकांनी द्यायचा. त्याला अर्ज नको, उत्पन्नाचा दाखला तर नकोच. तिकीट तेच, रंग तोच, क्रमांकही त्याच ओळीतला. फक्त पुस्तकात राहणाऱ्या स्थळप्रतीच्या मागे एक बारीक खूण, हिशेबापुरती. "मोफत" असा शिक्का मारलात की ते मूल दारापर्यंतही येणार नाही.

सावधचित्त
तिकिटावरून काय भांडताय, वक्ता कोण ते बघा आधी. "मानधन नको, मी असाच येतो" म्हणणारा वक्ता सगळ्यांत महागात पडतो. आमच्याकडे झालाय असा कार्यक्रम. दारातच फॉर्म: मुलाचं नाव, इयत्ता, पालकांचा मोबाइल. मग तासभर उजवा मेंदू, डावा मेंदू, "आपण मेंदूचा दहा टक्केच वापर करतो", आणि शेवटी कोर्सवर सवलत, फक्त आजच्या दिवस! त्यानंतर कितीतरी आठवडे फोन येत होते.

दहा टक्क्यांची गोष्ट निव्वळ थाप आहे. मोझार्टचं संगीत ऐकवून मुलांची बुद्धी वाढवण्याचंही तेच. १९९३ चा मूळ प्रयोग कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांवर झाला होता, लहान मुलांवर नाही, आणि दिसलेला फरक दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. "तुमचं मूल बघून शिकतं की ऐकून" हा तर सेमिनारवाल्यांचा लाडका विषय. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी त्यावरचं संशोधन तपासलं, तेव्हा तसं वेगवेगळं शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा आधार मिळाला नाही. शाळेच्या नावावर पैसे घेऊन हे विकणार असाल तर डान्स रद्द केलेला बरा.

निवृत्त मास्तर
सावधचित्त, शंभर टक्के सहमत. पण सांगण्यासारखं खरं काही नाही असंही नाही. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग घ्या. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा मात्र उतारा मिटून, आठवेल तेवढं लिहून काढणाऱ्यांनी बाजी मारली. हे सभागृहातच सगळ्यांकडून करून घ्या. पालकांनाही पेन द्या, नुसते मागे बसून मोबाइल चाळायला नकोत. बाहेरचा वक्ता कशाला लागतोय?

रोखठोक
मग हे वर्गात फुकट सांगा ना, मास्तर! इतकं उपयोगाचं आहे तर तिकिटामागे का ठेवायचं?

हिशेबनीस
रोखठोकांचा हा मुद्दा खोडता येणार नाही. मुलांना लागणारं वर्गात, तिकीट फक्त पालकांच्या सत्रांना, अशी फोड करा.

दुसरं. पालकसभेत कुणीतरी "जास्त तिकिटं खपवणाऱ्याला बक्षीस" हे काढणारच. नको. नीझी आणि रुस्तिचिनी या अर्थतज्ज्ञांनी २००० मध्ये छापलेला एक प्रयोग आहे: शाळकरी मुलांना दारोदार देणग्या गोळा करायला पाठवलं. काहींना रकमेवर १ टक्का मोबदला, काहींना १० टक्के, काहींना काहीच नाही. सगळ्यांत जास्त रक्कम बिनमोबदल्यावाल्यांनी आणली, सगळ्यांत कमी १ टक्कावाल्यांनी. शिवाय बक्षीस लागलं की तिकिटं काका-मामांच्या गळ्यात पडतात आणि सभागृह रिकामंच राहतं.

आणि वक्त्याचा प्रवासखर्च, छपाई, माइक हे वजा करून काय उरतं ते आधी मांडा. बरेच सेमिनार स्वतःचाच खर्च कसाबसा काढतात.

वर्गप्रतिनिधीची आई
सगळ्यांचे आभार. मुलांशी बोलले. अभ्यासाचं सत्र तिकिटातून काढलं, ते वर्गात होईल. पालकांसाठी दोनच सत्रं, वक्ते शाळेशी संबंधित, दारात फॉर्म नाही. पैसे डान्ससाठी आहेत हे तिकिटावरच छापणार. यावर मात्र एक पालक नाराज आहेत. म्हणतात, "डान्ससाठी" लिहिलंत तर कोण घेईल?

रोखठोक
जो घेणार नाही त्याला लपवूनच विकणार होतात ना? छापाच. तसं छापलंत तर मी दोन घेतो.

हिशेबनीस
आणि शिल्लक उरली तर?

रोखठोक
पुढच्या वर्षीच्या वर्गाला द्या. कमी पडले तर साउंड लहान लावा, पण पालकांकडे पुन्हा पावतीपुस्तक घेऊन येऊ नका.