परदेशातल्या सोलापूरकरांचा गट (प्रेषक म्हणून ज्याचं-त्याचं सोलापुरातलं ठिकाण): बाबांचा टीव्हीचा रिमोट जोडला जात नाही, शनिवारच्या आत हवंय

प्रेषक: विजापूर रोड
मंडळी, सोलापुरात बाबांचा टीव्ही सुरू होतो, त्याला लावलेल्या ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकचं पान येतं आणि तिथेच सगळं अडतं. रिमोटचं एकही बटण लागत नाही. सेल बदलून झाले, होमचं बटण दाबून धरून झालं, स्टिक काढून परत लावून झाली. फोनवरचं ॲप म्हणतं, डिव्हाइस सापडत नाही.

भोगीला सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळासुद्धा बाबांना मोबाइलवर बघावा लागला. गुडघ्यांमुळे दोन वर्षं बाराबंदीचा पांढरा पोशाख घालून नंदीध्वजांच्या मिरवणुकीबरोबर चालता येत नाही, तेव्हा टीव्हीवर तरी डोळे भरून बघू म्हणत होते, तेही राहिलं.

शनिवारी मुलांचं नाटुकलं आहे. आपल्याकडे सकाळी 10, तिकडे सोलापुरात रात्री 8.30. माझा मुलगा डॉ. कोटणीस होतोय. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, एवढ्याशा मोबाइलवर तिला नातू दिसणार नाही. कुणी हे सोडवलंय का?

प्रेषक: सात रस्ता
बाळ, आधी बाबांना मोबाइलचा कॅमेरा उघडायला सांग आणि त्यातून रिमोटचं टोक बघायला सांग. बटण दाबलं की जांभळट ठिपका चमकला पाहिजे. नाही चमकला तर रिमोट गेला, पुढची खटपट नको. नव्या पेठेत थोरल्या भावाचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, मी कॉलेज करून तिथे बसायचो. आलेले निम्मे रिमोट आतली रबरी पट्टी पुसली की चालू व्हायचे. गिऱ्हाईक नवा घ्यायला तयार असायचं, भाऊ म्हणायचा थांबा की जरा.

प्रेषक: जुळे सोलापूर
काका, तुमची चाचणी साध्या रिमोटला अगदी बरोबर, पण ती इथे चालणार नाही. या स्टिकचा रिमोट ब्लूटूथवर बोलतो. होम, मागे, वर-खाली, मधलं बटण यांपैकी काहीही दाबलं तरी ठिपका चमकणारच नाही, म्हणून चांगला रिमोट मेला असं समजून फेकाल.

ताई, एवढं कळवा. होम 10 सेकंद धरल्यावर रिमोटचा दिवा नारिंगी लुकलुकतो का? सेल कसले आहेत? स्टिकला वीज कुठून दिली आहे? आणि घरातला राउटर किंवा वायफायचा पासवर्ड मध्ये बदललाय का? हे शेवटचं नीट विचारा.

प्रेषक: विजापूर रोड
आत्ताच बोलले. दिवा नारिंगी लुकलुकतो, मग बंद होतो. सेल चार्जिंगचे आहेत, बाबा ते सगळीकडे वापरतात. स्टिक टीव्हीच्या मागे थेट खोचलेली, भिंतीला टेकून, आणि वीज टीव्हीच्याच यूएसबीतून. राउटर संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात बदलला, नाव-पासवर्ड दोन्ही नवीन. त्याआधीच रिमोट अडखळत होता, म्हणून स्टिकमध्ये नवा पासवर्ड घालताच आला नाही.

प्रेषक: कार्यक्रम समिती
सर्वांना विनंती, शनिवारच्या प्रक्षेपणाबद्दल इथे परस्पर काही ठरवू नये. लिंक समितीकडून शुक्रवारी येईल. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग होणार आहे, ज्यांना थेट बघता येणार नाही त्यांनी ते नंतर बघावं.

प्रेषक: साखर पेठ
समितीला मनापासून सांगते, रेकॉर्डिंगचा आधार देऊ नका. गणपतीतलं रेकॉर्डिंग आम्हाला दसऱ्याला मिळालं. आणि तिकडे म्हाताऱ्या माणसांना नातवंडं त्या क्षणी बघायची असतात, शेजारपाजारच्यांना बोलावून, शेंगाचटणी-भाकरीची ताटं मांडून. त्याची सर नंतर बघण्याला येत नाही.

दुसरं, सरावाला मी नव्हते, पण मुलाला मिशा लावून चाळिशीचे कोटणीस करताय असं ऐकलं. तसं करू नका. ते 1910 साली आपल्या सोलापुरात जन्मले, 1938 साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि 1942 च्या डिसेंबरात वारले. अवघे 32 वर्षांचे होते. मुलांना हे वय कळलं पाहिजे.

प्रेषक: कार्यक्रम समिती
मिशांचा निर्णय वेशभूषेच्या ताईंकडे आहे. त्यांना कळवते. 32 हे लक्षात घेतलं.

प्रेषक: दमाणी नगर
रिमोटवर या की. नव्या राउटरलाच जुनं नाव आणि जुना पासवर्ड द्या, स्टिक आपोआप जोडली जाईल. आमच्या सासूबाईंकडे मी दरवेळी हेच करतो. पाच मिनिटांचं काम.

प्रेषक: विजापूर रोड
दादा, राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड बसवणाऱ्याकडे आहे, तो सोमवारी येतो म्हणाला. शिवाय नव्या नावावर दारातला कॅमेरा आणि बाबांचा टॅब जोडून झालाय, ते पुन्हा सुटतील.

प्रेषक: होटगी रोड
मग टीव्हीचाच रिमोट वापरून बघा ना! आमच्या आत्याकडे गेली दोन वर्षं तसंच चाललंय. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय सीईसी चालू करायचं. सॅमसंगवर त्याला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राविया सिंक. मग टीव्हीच्या रिमोटवरच्या बाणांनी स्टिक चालते. आत्याच्या हातात एकच रिमोट असतो, दुसरा कपाटात ठेवलाय. पंचाहत्तरीच्या माणसाला दोन रिमोट द्यावेत का, हाच माझा मूळ प्रश्न आहे.

प्रेषक: विजापूर रोड
वहिनी, बाबांचा टीव्ही जुना आहे, सेटिंगमध्ये तसलं नावच नाही. टीव्हीच्या बाणांनी काही हललं नाही.

प्रेषक: जुळे सोलापूर
तर मग असं करा. घरात दोन फोन आणि एक माणूस लागेल, बाबांना एकट्याने करायला लावू नका.

आधी सेल. चार्जिंगचा सेल 1.2 व्होल्टचा असतो, साधा अल्कलाइन 1.5 चा. दोन मिळून 0.6 चा फरक पडतो. चार्जिंगचे ताजे भरलेले असतील तर बहुतेकदा चालून जातं, पण अर्धवट उतरलेले असले की दिवा लुकलुकतो आणि जोडणी मात्र होत नाही. दोन नवे बारीक अल्कलाइन सेल आणा, ट्रिपल ए सांगून. स्टिकसोबत एचडीएमआयची वीतभर वायर आली होती, ती शोधून स्टिक टीव्हीच्या पाठीमागून बाहेर काढा. वीज भिंतीवरच्या प्लगमधून, स्टिकच्या स्वतःच्या ॲडॉप्टरने द्या.

आता मुख्य अडचण. स्टिक अजून जुनं वायफाय शोधतेय, म्हणून ॲपला ती दिसत नाही. एका फोनवर हॉटस्पॉट लावा आणि त्याला जुन्या वायफायचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. अक्षर न् अक्षर तेच हवं, मोठं-लहान अक्षर आणि मधली मोकळी जागासुद्धा. हॉटस्पॉट 2.4 गिगाहर्ट्‌झवर ठेवा. स्टिकची वीज काढून परत द्या. तिला तिचं जुनं घर सापडलं असं वाटतं आणि ती जोडली जाते. दुसरा फोन त्याच हॉटस्पॉटवर घ्या, फायर टीव्हीचं ॲप उघडा, टीव्हीवर येईल तो आकडा त्यात घाला. आता फोन हाच रिमोट.

यापुढचा क्रम चुकवू नका. सेटिंग्ज, मग कंट्रोलर्स अँड ब्लूटूथ डिव्हाइसेस, त्यात रिमोट, त्यात नवा रिमोट जोडा, आणि मग खऱ्या रिमोटचं होम 10 सेकंद. रिमोट लागल्यावरच नेटवर्कमध्ये जाऊन नवं वायफाय घाला. आधी वायफाय बदललं तर ॲप तुटेल आणि हातात काहीच उरणार नाही. माझ्या मावसभावाकडे हेच झालं होतं, रात्री 1 वाजेपर्यंत आम्ही फोनवर होतो.

तरीही न जुळल्यास रिमोट कोरा करा. स्टिकची वीज काढून 60 सेकंद थांबा. मग रिमोटवर डावा बाण, मेनू आणि मागे ही तिन्ही बटणं एकदम 12 सेकंद धरा. सोडून 5 सेकंद थांबा, सेल काढा. स्टिकला वीज द्या, टीव्हीवर होमचं पान आल्यावर आणखी 60 सेकंद थांबा, सेल घाला आणि होम दाबा.

प्रेषक: दमाणी नगर
बाहेर काढायचं म्हणता, पण ती वीतभर वायर कुणाच्याही घरी सापडत नाही. आमच्याकडे खोक्यासकट रद्दीत गेली.

प्रेषक: साखर पेठ
आमची आहे. माझ्या भावाला फोन करते, संध्याकाळी विजापूर रोडला नेऊन देईल. भाकरी-कडक शेंगाचटणीही पाठवतेय, आईंना आवडते.

प्रेषक: विजापूर रोड
झालं! अशोक चौकातून मामेभाऊ आला होता, साखर पेठची वायरही पोचली. पहिल्यांदा हॉटस्पॉट लावूनही स्टिक जोडेना. बाबांच्या डायरीत जुना पासवर्ड लिहिला होता, पण पहिलं अक्षर मोठं की लहान ते त्यांच्या वळणामुळे कळत नव्हतं. लहान घातल्यावर लागली. ॲपवर आकडा आला, मग रिमोट. नुसत्या होमने तो जोडला गेला नाही. तिन्ही बटणं 12 सेकंद धरल्यावर, नवे सेल घालून, एका दाबात लागला. बाबांनी लगेच यूट्यूब उघडून अक्षता सोहळा पहिल्यापासून लावला. यात्रेतली 68 शिवलिंगांची प्रदक्षिणा त्यांनी किती वर्षं केली, हे ते मामेभावाला सांगत बसले आणि मी फोनवर ऐकत राहिले.

एकच राहिलंय. सगळी बटणं चालतात, पण आवाज वाढत-कमी होत नाही. आईला ऐकूही जरा कमी येतं. उद्या शनिवार.

प्रेषक: जुळे सोलापूर
आवाज आणि टीव्ही चालू-बंद ही बटणं मात्र टीव्हीशी थेट बोलतात, इन्फ्रारेडवर. सेटिंग्जमध्ये इक्विपमेंट कंट्रोल उघडा, टीव्हीची कंपनी बरोबर आहे का बघा. आणि सात रस्ता काकांची कॅमेऱ्याची चाचणी इथे चालते. काका, याला तुमचंच औषध.

प्रेषक: सात रस्ता
बाळ, आवाजाचं बटण दाबून धर म्हणावं आणि फोनचा पुढचा कॅमेरा वापर म्हणावं, मागच्यात काही फोनना दिसत नाही. ठिपका चमकला तर रिमोट ठणठणीत. मग टीव्हीच्या खालच्या कडेला जो काळा डोळा असतो, त्याच्यापुढे काय ठेवलंय ते बघ. दुकानात दहा तक्रारींपैकी दोन-तीन याच निघायच्या.

प्रेषक: विजापूर रोड
काका, ठिपका चमकला. टीव्हीपुढे आईने यात्रेसाठी सिद्धरामेश्वरांची तसबीर ठेवली होती, ती बरोबर त्या डोळ्यापुढे होती. उचलून वरच्या फळीवर ठेवली आणि आवाज लागला. आईने रात्री 8 पासूनच टीव्हीपुढे बसायचं ठरवलंय. समिती, लिंक पाठवता का?