कवळीवाल्यांच्या ओठांचे कोपरे सारखे चिरतात, स्वॅबमध्ये स्टॅफ येतो. पुढे काय?

गुहागर_दंत
पूर्ण कवळीचे, पासष्टीपुढचे पेशंट, त्यात बरेच मधुमेही. पावसाळा लागला की ओठांचे दोन्ही कोपरे चिरतात आणि वर मधासारखी पिवळी खपली धरते. बुरशीच्या मलमाने आठ-दहा दिवस बरं वाटतं, मग परत तेच. एका स्वॅबचा (कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्याचा) रिपोर्ट 'स्टॅफिलोकोकस ऑरियस, भरपूर वाढ, सोबत कॅन्डिडा', म्हणजे स्टॅफ हा जिवाणू आणि कॅन्डिडा ही बुरशी. दुसऱ्याचा 'कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ, विरळ वाढ', म्हणजे रक्तद्रव गोठवणारं कोॲग्युलेज न बनवणारा स्टॅफ. दोघांना एकच औषध द्यायचं का? स्वॅब एसटीच्या पार्सलने रत्नागिरीला जातो, लॅबमध्ये पोचायला दुसरा दिवस उजाडतो. त्याने निकाल बिघडतो का? शिवाय घरोघरी मिठाच्या पाण्याने कोपरे धुतात, किनाऱ्याच्या वाड्यांत तर थेट समुद्राच्या पाण्याने. त्याचा फायदा किती?

मायक्रोबायो_रत्नागिरी
आधी मिठाचं बोलू, कारण हा गैरसमज आपल्याकडे खोलवर रुजलाय. समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण ३.५ टक्के. स्टॅफ इतर जंतूंमधून वेगळा काढायला आम्ही जी मॅनिटॉल सॉल्ट प्लेट वापरतो, तिच्यात ७.५ टक्के मीठ असतं. बाकीचे जंतू तिथे अडतात, स्टॅफ मजेत वाढतो आणि ऑरियस असेल तर गुलाबी प्लेट त्याच्याभोवती पिवळी होते. मिठाच्या कोमट गुळण्यांनी तोंड स्वच्छ होतं, तेवढ्यासाठी करू द्या, पण त्याने स्टॅफ मरत नाही. उघड्या चिरेला समुद्राचं पाणी मात्र लावू देऊ नका. त्यात व्हिब्रिओ हे समुद्री जिवाणू असू शकतात आणि मधुमेही माणसाला ते फार महागात पडतात.

आता स्वॅब. मलम सुरू करायच्या आधी घ्या. खपली सलाइनने भिजवून उचला आणि खालच्या ओल्या जागेवर स्वॅब फिरवा. जंतुनाशकाने पुसून घेतलेला स्वॅब आमच्या काहीच कामाचा नाही. नुसती खपली खरवडली तरी मेलेलं तेवढंच हाती लागतं. एक स्वॅब ग्रॅम स्टेनला (रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला), दुसरा एमीज ट्रान्सपोर्ट माध्यमात (वाटेत जंतू जिवंत ठेवणाऱ्या जेलमध्ये) कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला. एमीजमध्ये स्टॅफ २४ तास आरामात टिकतो, त्यामुळे एसटीचं पार्सल चालेल. कोरडा स्वॅब मात्र पाठवू नका, आणि पाकीट उन्हात पडून राहणार नाही एवढं बघा.

तुमच्या दोन रिपोर्टांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोॲग्युलेज निगेटिव्ह, तोही विरळ, म्हणजे बहुतेक वेळा कातडीवरचाच रहिवासी. त्याच्या मागे लागू नका. ऑरियस, भरपूर वाढ आणि ग्रॅम स्टेनमध्ये पूपेशींसोबत द्राक्षांच्या घोसासारखे कॉकाय (गोल जिवाणू), हे तिन्ही जुळलं तर तो खरा दोषी. लॅबला एवढं विचारा की ट्यूब कोॲग्युलेज (नळीत रक्तद्रव गोठतो का ती चाचणी) ४ तासांनी बघितली का. थेट २४ तासांनी बघितली तर काही ऑरियस स्वतःच केलेली गुठळी विरघळवतात आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. सेफॉक्सिटिन ३० मायक्रोग्रॅम डिस्कचा झोन (औषधाच्या चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ) २१ मिमी किंवा कमी असेल तर एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनसारख्या औषधांना न जुमानणारा ऑरियस, समजा. क्लिंडामायसिन देणार असाल तर डी-टेस्ट मागा, त्यात त्याची आणि एरिथ्रोमायसिनची डिस्क शेजारी ठेवतात. एरिथ्रोमायसिनच्या बाजूने क्लिंडामायसिनचा झोन चपटा झाला असेल तर क्लिंडामायसिन सोडून द्या, रिपोर्टवर 'सेन्सिटिव्ह' लिहिलेलं असलं तरी.

कृत्रिमदंत_कुडाळ
मलमाने तात्पुरतं बरं होतं, कारण मूळ दुखणं तसंच राहतं. कवळी झिजली की चेहऱ्याची खालची उंची कमी होते, कोपऱ्यात घडी पडते, लाळ झिरपून साठते. पावसाळ्यात ती घडी सुकतच नाही. तेव्हा आधी उंची मोजा. कवळी फार झिजली असेल तर नवी करण्यावाचून इलाज नाही.

रात्री कवळी काढायलाच हवी. साबण आणि मऊ ब्रशने घासा, टूथपेस्टने नको, तिने अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे पडतात आणि जंतू तिथेच बसतात. ५ टक्के हायपोक्लोराइट (ब्लीच) १ भाग, पाणी ९ भाग, अशा द्रावणात १० मिनिटं ठेवून नळाखाली खळखळून धुवा, मग साध्या पाण्यात. धातूचा सांगाडा असेल तर हायपोक्लोराइट बिलकुल नको, धातू खराब होतो. उकळतं पाणीही नको, कवळी वाकते.

दोन्ही जंतू असतील तर मायकोनॅझोल चांगलं, ते कॅन्डिडा आणि स्टॅफ दोघांवरही चालतं. पण पेशंट वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधावर असेल तर नको. नुसत्या जेलनेही रक्त जास्त पातळ होतं. निव्वळ ऑरियस असेल तर फ्युसिडिक अ‍ॅसिड किंवा म्युपिरोसिन २ टक्के. साधं अमॉक्सिसिलिन देण्यात अर्थ नाही, बहुतेक ऑरियस ते निकामी करणारं पेनिसिलिनेज बनवतात. आणि दुकानातून आणलेली स्टिरॉइडमिश्रित ट्यूब वापरतात का, हे आवर्जून विचारा. चार दिवस लाली उतरते आणि खाली जंतू मोकाट सुटतात.

परत परत होणाऱ्याच्या नाकाचा स्वॅब घ्या. स्टॅफचं खरं बिऱ्हाड नाकपुडीच्या तोंडाशी असतं, बोटाने तो तिथून कोपऱ्यात येतो. नाकात सापडला तर नाकाचं म्युपिरोसिन दिवसातून दोनदा, ५ दिवस. कातडीचं साधं मलम नाकात झोंबतं, नाकाचं वेगळं मिळतं. जोडीला साखर, हिमोग्लोबिन, बी-१२ बघाच.

फिजिशियन_कणकवली
दोन गोष्टी तातडीच्या. एक, कानापुढे लाल, दुखरी सूज आणि ताप. गाल दाबल्यावर वरच्या दुसऱ्या दाढेसमोरच्या नळीच्या तोंडातून पू आला तर ते गालगुंड नाही, लाळग्रंथीचा जिवाणू संसर्ग. कमी पाणी पिणाऱ्या वृद्धांत होतो, आणि त्यामागे बहुधा ऑरियसच. अ‍ॅडमिट करा, शिरेतून प्रतिजैविक आणि भरपूर द्रव. दुसरी, वरच्या ओठावरचं किंवा नाकाजवळचं केसतोड पिळणं. तिथल्या शिरा डोळ्यामागून मेंदूच्या शिरांना जोडलेल्या. पापणी सुजली, डोळा पुढे आला, एक वस्तू दोन दिसू लागली तर एक मिनिट दवडू नका.

गुहागर_दंत
आभार. अजून एक. दाढेच्या मुळाशी आलेल्या फोडाच्या स्वॅबमध्येही कधी कधी स्टॅफ येतो. तोही मारायचा का?

मायक्रोबायो_रत्नागिरी
बहुतेकदा नाही. त्या फोडात मुख्यतः तोंडातले व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकोकाय असतात, शिवाय प्रिव्होटेला, फ्युसोबॅक्टेरियम असे हवा न सोसणारे जंतू. उघड्या स्वॅबवर हे हवा न सोसणारे वाटेतच मरतात, मागे चिवट स्टॅफ उरतो आणि रिपोर्टावर त्याचंच नाव चढतं. पू पाठवायचाच तर फोड फुटण्याआधी जागा कोरडी करून पोव्हिडोन आयोडीन लावा, १८ गेजच्या सुईने १ मिली ओढा, सिरिंजमधली हवा काढून टाका आणि अनारोबिक (हवाविरहित) माध्यमात भरून त्याच दिवशी पाठवा. एसटीच्या दुसऱ्या दिवशीच्या पार्सलवर हा नमुना सोडू नका.