मदत हवी आहे: स्टेन्सिलने टी-शर्ट रंगवताना अक्षरांच्या कडा पसरतात

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही साताऱ्यातल्या काही मैत्रिणी मुलांना घेऊन अजिंक्यताऱ्यावर जाणार आहोत. सगळ्यांचे टी-शर्ट घरीच रंगवतोय: छातीवर किल्ल्याची आकृती, खाली 'अजिंक्यतारा'.

कापड सुती आहे, आधी धुऊन खळ काढलेलं. आत पुठ्ठा सरकवून, कटरने कापलेल्या ओएचपी शीटवरून (पारदर्शक प्लास्टिकची पातळ शीट) फॅब्रिक कलर पाणी न घालता स्पंजने टिपून लावतो. किल्ला सुरेख उमटतो. अडतं ते अक्षरांपाशी. शिरोरेखेची फट लांब, त्यामुळे शीट तिथे उचलली जाते आणि रंग खाली शिरतो. 'क्य'च्या पोटातला तुकडा तर सुटाच पडतो. त्याला बारीक दांडी ठेवली की अक्षर तुटकं दिसतं, आणि आपल्या गावच्या किल्ल्याचं नाव तुटकं नको वाटतं हो. मागून चिकटणारी शीट कुणी वापरली आहे का? एकदा काढल्यावर ती पुन्हा नीट चिकटते का?

दुसरं, नेव्ही ब्लू कापडावर पांढरा एका हातात बसत नाही, खालचा निळा डोकावतो. दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावर द्यायचा ना? थर जाड झाला तर धुतल्यावर भेगा पडतील का?

इस्त्रीचं जमतंय: रंग वाळला की उलट्या बाजूने, वाफेशिवाय.

पोवई नाका किंवा राजवाडा भागात लहान मुलांच्या मापाचे कोरे, पूर्ण सुती टी-शर्ट कुठे मिळतील तेही सांगा. पॉलिस्टर मिक्स नको, त्यावर हा रंग तितका धरत नाही.