कथकच्या वर्गात फ्लॅश: हवा की नको?

लयवेडा (धागाकर्ता)
कथकच्या वर्गात फोटो काढताना फ्लॅश वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत. चक्कर घेताना नजर एका बिंदूवर रोखलेली असते. झोत त्याच बाजूने आला की तोल जायची भीती. शिवाय गरज तरी कुठे आहे? वर्गात ३०० लक्स उजेड असेल तर एफ २.८ (लेन्सचं छिद्र), शटर १/५०० सेकंदाला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० पुरतो. आणि तिहाई (तीनदा येऊन समेवर संपणारा बोल) मोजता येत असेल तर आणखी सोपं: समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अंग क्षणभर थांबतं, तिथे १/१०० सुद्धा चालतं, आयएसओ थेट ६४० वर येतो. ताल कळत नसेल त्यांनी बर्स्ट (सलग धडाधड फोटो) मारत बसावं.

सिंकस्पीड
समेवरचा फोटो म्हणजे नुसती पोझ. फुललेला घेर आणि हवेतली वेणी हवी असेल तर १/१०० ला वेणीचा धूर होतो. १/५०० म्हणता, पण ट्यूबचं काय? आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे स्वस्त ड्रायव्हरची (ट्यूबला वीज पुरवणाऱ्या सर्किटची) एलईडी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंदावते. १/१०० किंवा १/५० ला पूर्ण चक्र पकडलं जातं. १/५०० ला एक फ्रेम उजळ, पुढची काळवंडलेली. त्यात सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर लावलंत तर भिंतीवर आडवे पट्टे.

लयवेडा
मग ट्यूब बदला की! मोबाइलवर स्लो मोशन काढा, लुकलुक दिसली तर फ्लिकर-फ्री ड्रायव्हर आणि ९० च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेल्या ट्यूब लावा. कमी सीआरआयखाली लाल ओढणी विटकरी दिसते, मग एडिटिंगमध्ये कितीही डोकं आपटा. तोवर मेकॅनिकल शटर ठेवा आणि कॅमेऱ्यातलं अँटी-फ्लिकर चालू करा.

घेरदार
दोघेही आरसा विसरलात. नर्तकी आरशापासून दीड मीटरवर असेल तर प्रतिबिंब तिच्यापासून तीन मीटर लांब पडतं. ५० मिमी, एफ २.८ ला दोन्ही धारदार येणं शक्य नाही, आणि ऑटोफोकस बिनदिक्कत आरशातला चेहरा पकडतो. छोटा फोकस झोन घ्या, आरशाशी तिरके उभे राहा. भिंत गुलाबी-पोपटी असेल तर ग्रे कार्डावरून (राखाडी कार्डावरून) व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कोणता ते, आधीच ठरवा. ऑटोवर ठेवलंत तर प्रत्येक चकरीला रंग बदलेल.

सिंकस्पीड
भाड्याच्या हॉलमध्ये ट्यूब कोण बदलू देणार? तिथे फ्लॅशच. दोन फ्लॅश उंच स्टँडवर, तोंड पांढऱ्या छताकडे, १/८ पॉवर. कमी वाटलं तर १/४. शटर १/२००, एफ ५.६, आयएसओ ८००. अर्ध्या ट्यूब मात्र बंद करा, नाहीतर ट्यूबचा उजेड फोटोत शिरतो आणि गोठलेल्या हाताला भुतासारखी दुसरी कड येते. फुल पॉवर नको: झोत जास्त वेळ टिकतो, हात पुसट होतो, चार्ज व्हायलाही वेळ लागतो.

लयवेडा
छत लाकडी असेल तर सगळा वर्ग नारिंगी. आणि तालमीत मिनिटाला वीस वेळा छत लखलखलं तर गुरुजी आधी तुमचे स्टँड बाहेर ठेवतील.

घेरदार
ते खरं. चक्रदार तुकडा (तिहाईसकट तीनदा येणारी रचना) शेवटी पुन्हा करून घ्यायचा आणि फ्लॅश फक्त तेव्हाच. पण सिंकस्पीड, स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या टाका, तारा भिंतीकडेने टेपने चिकटवा. अनवाणी पाय आणि घुंगरं फिरत असतात तिथे.